अर्धा तास

बेडका द्या म्हटलं की न्ताते सेखोबे मान फिरवायचे.
येतच नाही, म्हणायचे,
जे काय होतं ते खाणीत राहिलंय, दोन किलोमीटर खाली,
तिथे जाऊन मागा.

म्हणून या खेपेला मी घोड्यावरून मास्क आणले.
आतल्या अंगाला एक पांढरी पट्टी,
बोटाएवढी, पाण्यात विरघळणारी.
सुई नाही. नळी नाही. खोकायचंसुद्धा नाही.
अर्धा तास श्वास घ्यायचा, जो तसाही घेताच.
"आणि बोलत राहा," मी म्हटलं,
"बोलण्यातून जास्त सापडतं."

न्ताते हसले. हसताना दम लागला.
दम खाल्ला, मग सुरू झाले:
पिंजरा खाली सुटतो तेव्हा कान कसे बंद होतात,
तिथला खडक हाताला कसा तापलेला लागतो,
सुरुंगानंतर पांढऱ्या धुळीत स्वतःचे बूट दिसत नाहीत,
आणि तो ड्रिलर, मोलापो,
जो यंत्राच्या आवाजावर शिट्टी चढवायचा.
मग अठ्ठ्याऐंशीचा डिसेंबर:
बसच्या टपावर बांधून आणलेलं शिलाई मशीन,
सरहद्दीवर तीन तास उन्हात,
आणि घरी येऊन उघडलं तर सुईच नाही!
ही गोष्ट मी चौथ्यांदा ऐकत होते.

म्मे मालिनेओ दारात शेंगा सोलत बसलेल्या.
वहीत लिहिलंय, एका छपराखाली झोपणारे सगळे,
म्हणून दुसरा मास्क त्यांना.
"मला काय धाड भरलीय?"
तरी बांधला.
"बोला ना, म्मे."
"काय बोलू? यांचं संपलं तर ना."
कोंबडीला एकदा हाकललं, तेवढंच.
फक्त मशीनच्या गोष्टीशी
मास्क आतून किंचित फुगला
आणि परत बसला.
मी वहीत लिहिलं: बोलल्या नाहीत.

नवव्या दिवशी
खिंडीत, जिथे मोबाईलला रेंज येते, तिथे निकाल आला.
दोनदा वाचला.
न्तातेंच्या पट्टीवर क्षयाचं काही नाही.
म्मेंच्या पट्टीवर आहे.
नावं उलटसुलट झाली असतील म्हणून वही काढली.
अक्षर माझंच, आणि बरोबर.

न्तातेंना कसं सांगायचं ते मला ठाऊक होतं.
धूळ श्वासाबरोबर बाहेर येत नाही,
ती आत घर करून राहते.
तिच्यासाठी एक्स-रे, मासेरूची खेप,
आणि भरपाईची ती फाईल,
जिच्यात एका सहीची जागा अजून कोरी आहे.
हे सगळं मी घोड्यावर बसून पाठ केलं होतं.
म्मेंसाठी काहीच पाठ नव्हतं.

अंगणात बसलो, वाऱ्याकडे पाठ करून.
सांगितलं. सहा महिने गोळ्या, बरं होतं.
न्ताते उठले,
रिकामी बादली उचलली, परत ठेवली, बसले.
त्या माणसाला गप्प मी पहिल्यांदा पाहिलं.

म्मे म्हणाल्या, "पण मी तर बोललेच नव्हते."
"सुस्काऱ्यातही येतं," मी म्हटलं.
खरंच त्यातूनच आलं का, मला माहीत नाही.

त्यांनी गोळ्यांची पाकिटं मांडीवर मोजली.
पापाच्या आधी घ्यायच्या की नंतर, विचारलं.
मग, पाकिटांकडेच बघत,
"सुई मी मार्चमध्ये आणली.
दोन कोंबड्या विकून. माफेतेंगहून, पायी.
यांनी कधी विचारलं नाही मशीन चालायला कसं लागलं."
मग कोणाचे गणवेश शिवले,
कोणी पैसे बुडवले,
कंदिलात तेल नसलं की काजाला हाताने कसं चाचपायचं,
लिनेओला ताप आला त्या रात्री
हवाईदलासारखं वाजणारं ते पायडल...

न्ताते ऐकत होते, तोंड थोडं उघडं.
घोडा दोरीला ओढ देत होता.
घड्याळात पाहिलं तर अर्धा तास कधीच उलटलेला.
मास्क या वेळी फक्त माझ्या तोंडावर होता,
आणि मी काही बोलले नाही.